आमची वाटचाल : मसल कार वळवणारं आमचं गॅरेज

2004 ला सुरू केलं, मिशिगनमधे, डेट्रॉइटपासून अर्ध्या तासावर, दोन गाड्या मावतील एवढी जागा, मी आणि माझा पार्टनर. काम एकच, 1960-70 च्या काळातल्या मसल कारचं, म्हणजे मोठ्या ताकदवान इंजिनच्या अमेरिकन गाड्यांचं सस्पेन्शन, म्हणजे चाकं आणि बॉडी यांच्यामधल्या स्प्रिंगा, शॉक, आर्म. इंजिनवाले तेव्हाही पुष्कळ होते आणि आताही आहेत, सरळ रस्त्यावर गाडी पळवणारे गल्लोगल्ली मिळतात, पण तीच गाडी वळणावर नीट घालून दाखवा म्हणलं की सगळे गप्प.

आमचा हात बसला तो शेव्रोलेच्या शेव्हेलवर. 1964 ते 72 ची ए-बॉडी (शेव्हेल ज्या सांगाड्यावर बनायची तो जीएमचा सांगाडा) ज्यांनी चालवलीय त्यांना माहितीय, वळणात गाडी बाहेरच्या चाकावर दबली की त्या चाकाचा माथा बाहेर कलतो, म्हणजे पाहिजे निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत कललेला) आणि मिळतो पॉझिटिव्ह, टायर बाहेरच्या कडेवर घासत जातो आणि गाडी वळायच्या ऐवजी नाक पुढे काढत सरळ जाते. कारण चाक धरणाऱ्या वरच्या आर्मचं बाहेरचं टोक मुळातच खाली आहे. आम्ही त्या टोकाला अर्धा इंच उंच बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) घालायचो, आर्मचा कल बदलला की कॅम्बर योग्य बाजूला जायला लागतो. मग बम्प स्टीअर तपासायचो, म्हणजे चाक वरखाली होताना आपोआप वळतं का ते, मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. तीन दिवस लागायचे. तीन दिवस म्हणलं की लोकांच्या कपाळावर आठ्या.

2009 मधे सगळं ठप्प झालं. एप्रिलच्या शेवटी क्रायस्लर आणि 1 जूनला जीएम दिवाळखोरीत गेली, आमची निम्मी गिऱ्हाइकं तिथलीच, छंदाच्या गाडीवर कोण पैसे घालणार? पण मंदी सगळ्यांनाच होती, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं दुखणं वेगळं आहे आणि ते आजही तितकंच दुखतं.

जवळच एक नवीन शॉप निघालं होतं, नाव घेत नाही. एका दिवसात पॅकेज, कडक स्प्रिंगा, गाडी दोन इंच खाली, पुढे-मागे जाड स्वे बार (वळणात गाडी झुकू न देणारा आडवा दांडा) आणि प्रत्येक जागी रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचे, म्हणजे पॉलीचे बुश (आर्मच्या टोकातल्या गाद्या). गाडी दिसायला झकास, जराही झुकत नाही, गिऱ्हाईक खूश. आमची पुढची बाजू केलेली एक 1970 ची शेव्हेल मागच्या कामासाठी तिकडे गेली, आणि पुढच्याच ऑटोक्रॉसला (मोकळ्या जागेत प्लॅस्टिकचे कोन मांडून त्यांच्यामधून घड्याळ लावून गाडी पळवायची स्पर्धा) एका दिवसात तीनदा गरकन फिरली, कोन उडवत. त्या शॉपने सांगितलं काय, तर पुढची जॉमेट्री, म्हणजे आर्म आणि चाकांचे कोन, चुकीची केलीय म्हणून फिरते. आणि ही गोष्ट पूर्ण सीझन फिरत राहिली, आमचा फोन वाजायचा बंद झाला, अलाइनमेंट रॅक विकला, त्या हिवाळ्यात पार्टनरही गेला. त्याला घर चालवायचं होतं, त्याला मी दोष देत नाही.

तेव्हा आमच्याकडे एकच कायमचे गिऱ्हाईक राहिले, 1968 च्या मालिबूवाले (मालिबू म्हणजे शेव्हेलचंच एक मॉडेल) आजोबा, आयुष्यभर टूल अँड डाय, म्हणजे कारखान्यांची हत्यारं आणि साचे, बनवून रिटायर झालेले. एक दिवस स्वतःच पॉलीच्या बुशचा सेट विकत घेऊन आले आणि म्हणाले, "माझ्या गाडीला बसवा, त्या शेव्हेलवाल्याला बोलवा आणि त्याच्या डोळ्यांसमोर दाखवा."

बोलावलं. आधी रबर बुशवर दाखवलं. बॉडी स्टँडवर, मागच्या स्प्रिंगा आणि शॉक काढलेले, ॲक्सलच्या एका टोकाखाली ट्रॉली जॅक. ते टोक वर गेलं, दुसरं हाताने ढकललं तर आरामात खाली गेलं. मग मागचा ॲक्सल धरणाऱ्या चार आर्मपैकी वरच्या दोन्ही आर्मना दोन्ही टोकांना पॉली बसवून तेच केलं. आता एक टोक उचललं की दुसरंही बरोबर उचललं जायला लागलं, मी अंगाचा भार टाकला तरी खाली जाईना. वरचे आर्म तिरके असतात, गाडी झुकली की बुशला पिळावं लागतं, रबर पिळतं, पॉली पिळत नाही, सगळं आवळून बसतं आणि अख्खा ॲक्सलच एक भलामोठा स्वे बार होतो. मग मागची पकड सुटते ती एकदम, हळूहळू नाही. शेव्हेलवाला पाच मिनिटं काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी आमच्याकडे सोडली, आम्ही मागे स्फेरिकल जॉइंटचे (बुशऐवजी सगळीकडे फिरणारा गोल सांधा असलेले) आर्म घातले, पुढच्या बाजूला हातही लावला नाही, आणि ती गाडी परत कधी फिरली नाही. त्या शॉपने आजपर्यंत चूक कबूल केली नाही. आता तेही तसेच आर्म विकतात.

पुढची वर्षं बरी गेली, रॅक परत घेतला, माणसं वाढली.

आता विषय निघालाय तर सांगतोच. स्वे बार घेताना व्यास बघा, भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, 15/16 इंची काढून 1 1/8 घातला तर दिसायला फरक बोटभरही नाही पण बार दुप्पट कडक झालेला असतो, म्हणून मागे-पुढे एकदम जाड घालू नका. रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा, हवेत आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. आणि अलाइनमेंटवाल्याला जुन्या मॅन्युअलचे आकडे देऊ नका, ते तेव्हाच्या जुन्या पद्धतीच्या बायस-प्लाय टायरचे आहेत. आजच्या रेडियल टायरवर पॉझिटिव्ह कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) 4 ते 5 डिग्री, कॅम्बर उणे अर्धा ते उणे एक, टो-इन (चाकांची पुढची कड आत वळलेली) 1/16 इंच, रस्त्यावरच्या गाडीला एवढं पुरतं. आणि टायर जुने कडक झालेले असतील तर आधी टायर घ्या, मग आमच्याकडे या.

बम्प स्टीअरचा गेज आमच्याकडे आहे तो आजोबांनीच बनवलेला, हबवर बसणारी ॲल्युमिनियमची प्लेट, तिच्यावर टेकणारे दोन डायल इंडिकेटर, चाक वरखाली केलं की दोन्ही काटे सारखे हलले पाहिजेत. प्लेटच्या कडा त्यांनी हाताने घासल्यात, बोट फिरवलं तर कुठे लागत नाही. बाजारात चांगले मिळतात, मी बदलला नाही. दर एप्रिलला पावसाने रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलं की आजोबा मालिबू घेऊन येतात, कोणाला हात लावू देत नाहीत, वाकून स्वतः दोन्ही काटे शून्यावर आणतात आणि मग मला म्हणतात, "हं, आता उचला."