खानापूर ते जुने गोवे, पायी

28 नोव्हेंबरला पहाटे साडेचारला आम्ही खानापुरातून निघालो, तेव्हा मलप्रभेवरचं धुकं रस्त्यापर्यंत आलं होतं. सगळे मिळून 23 जण. पुढं लाकडी क्रूस धरलेला एक पोरगा, मागं अंथरुणं आणि पाण्याचे कॅन भरलेला छोटा हत्ती. 3 डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण असतो. आमच्याकडची जुनी माणसं त्याला गोव्याच्या लोकांसारखंच 'गोंयचो सायब' म्हणतात. सणाआधी 24 नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना चालते आणि त्या दिवसांत बेळगाव, खानापूर, सावंतवाडी, कारवार भागातली माणसं चालत जुन्या गोव्याला जातात. चर्चच्या कागदावर या चालण्याचं नाव पदयात्रा. गल्लीत मात्र सगळे वारीच म्हणतात.

शेजारचे काका माळकरी. नुकतेच कार्तिकीहून आले होते. आदल्या रात्री लसणाच्या चटणीची पुडी घेऊन आले आणि म्हणाले, "नवं पायताण घालू नको. आणि पहिल्या दिवशी पाय हलके वाटतात म्हणून पळू नको." पाच दिवसांत याहून कामाचा सल्ला मला कुणी दिला नाही.

मी का निघालो ते सांगतो. अकरा वर्षांपूर्वी मी एका कौलाच्या कारखान्यात कारकून होतो. खानापूरच्या मातीची कौलं आणि मडकी सगळ्या मुलखाला ठाऊक आहेत. हजेरीबुक माझ्याकडं असे. एका दिवाळीच्या आधी मला सांगण्यात आलं की बायकांचे दिवस कमी लाव. 26 भरलेत तिथं 22 लिही, म्हणजे बोनस कमी बसेल. मी नाही म्हणालो. महिनाभरात काम गेलं. पुढं धाकट्या भावाच्या किराणा दुकानात बसलो, मुलीचं नर्सिंग राहिलं, घरावर कर्ज झालं. मी बायबल वाचणारा माणूस. 'स्वर्गात तुमचं प्रतिफळ मोठं आहे' हे लहानपणापासून ऐकलेलं. पण खरं सांगायचं तर त्या प्रतिफळाची मी वाट बघत होतो ती इथंच, आणि उधारी वसूल करायला आलेल्या माणसासारखी. प्रार्थनेला बसलं की आधी ती हकीकत. लग्नाकार्यात, बारशाला, चर्चच्या पायरीवर, जिथं चार माणसं भेटतील तिथं तीच हकीकत.

पहिल्या दोन दिवसांचं फारसं सांगण्यासारखं नाही. गुंजीला माउलीच्या देवळासमोरच्या टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. सुगी चालू होती, शेतात भाताच्या पेंढ्या पडलेल्या, सगळीकडं कापल्या भाताचा वास. लोंढ्यात मुक्काम. दुसऱ्या दिवशी रामनगर, तिनईघाट करत अनमोडला पोचलो तेव्हा माझ्या डाव्या टाचेला फोड आला होता. जपमाळ दिवसातून तीनदा: पुढचे 'नमो मरिये' म्हणायचे, मागच्यांनी उत्तर द्यायचं. ट्रक आला की अर्धी ओळ त्याच्या आवाजात बुडायची आणि ट्रक गेल्यावर तिथूनच पुन्हा वर यायची.

तिसऱ्या दिवशी अनमोड घाट.

उतार दिसतो सोपा, पण चढापेक्षा वाईट. गुडघे बोलतात. मी मागं पडलो आणि माझ्यासोबत एक मावशी. पासष्टीची, पांढरी साडी, पायात रबरी चप्पल, हातात तेलकट झालेली जपमाळ. ती माझ्याच कारखान्यात होती, कच्ची कौलं फळ्यांवर मांडून सावलीत वाळवायच्या कामाला. पगाराच्या दिवशी ती अंगठा उठवायची तेव्हा कागदावर नुसता काळा ठिपका पडायचा. वर्षानुवर्षं ओली माती हाताळून अंगठ्याच्या रेघाच झिजल्या होत्या.

एका वळणावर कठड्यावर टेकलो. मी फोडाला चिंधी बांधता बांधता ती जुनी हकीकत सुरू केली. तुमच्यासाठी मी कसं नाही म्हणालो, मग माझं काय काय गेलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दिवस तरी पण कापलेच की रे. त्या दिवाळीला मला बाविसाचेच मिळाले."

मला हे माहीत नव्हतं. अकरा वर्षं माझी समजूत होती की माझ्या नकारानं निदान त्या बायकांचं काहीतरी वाचलं. माझ्या जागी आलेल्यानं पहिल्याच महिन्यात ते लिहून टाकलं होतं.

"मग तू कुणाला बोलली नाहीस?"

"बोलले की मुकादमाला. उद्यापासून येऊ नको म्हणाला. मग काजू फोडायला गेले."

म्हणजे तिचंही काम गेलं होतं. माझ्याच हकीकतीत. आणि त्यानंतरची अकरा वर्षं दर रविवारी ती माझ्या दोन बाकं मागं बसत होती, आणि त्यातलं एक अक्षरही तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मी खाली बघत बसलो. थोड्या वेळानं तीच बोलली, "मला वाचाय येत न्हाई. पण माझं नाव तू लिवायचास ते मला कळायचं. वरची रेघ लांब वडायचास. त्या महिन्याच्या वहीत रेघ आखूड हुती. मी तवाच बघितलं, ह्यात तुझं अक्षर न्हाई."

एवढं बोलून ती उठली आणि चालायला लागली.

मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याचा दाखला आहे. पहाटेपासून राबलेले आणि शेवटच्या तासाला आलेले, मालक सगळ्यांना एकेक दीनारच देतो, आणि पहाटेचे कुरकुरतात. तो दाखला मी चर्चमध्ये कितीदा वाचून दाखवला असेल. घाटाच्या उरलेल्या वळणांवर मला त्या कुरकुरणाऱ्यांचे चेहरे दिसत होते, आणि त्यातला एक चेहरा ओळखीचा होता.

मोले यायच्या जरा आधी मी तिला विचारलं, "मावशी, वर काय मिळंल असं वाटतं तुला?"

"माझं धाकटं हाय तिथं. अकरा महिन्याचं हुतं. ते मला वळकंल न्हवं?" तिनं खरंच विचारलं होतं, आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मी म्हणालो, ओळखेल. तेवढंच बोलता आलं. पण बोललो ते विश्वासानं बोललो. मुकुट, सोन्याचे रस्ते हे सगळं शास्त्रात आहे, मी ते नाकारत नाही. पण त्या रस्त्यावर मला स्वर्ग पहिल्यांदा हवाहवासा वाटला.

चौथा दिवस फोंड्यापर्यंत. उन्हाचा, डांबराचा, गाड्यांचा. टाच सुजलेली. एका घरातल्या बाईनं पेजेचं पातेलं रस्त्यावर आणून ठेवलं होतं, ते आठवतं.

2 डिसेंबरला दुपारी जुन्या गोव्यात शिरलो. बॉम जीझसच्या बॅसिलिकेचा जांभ्या दगडाचा लालसर दर्शनी भाग दिसला तसा पुढचा पोरगा रडायला लागला. संताची पेटी उंचावर आहे. गोव्याच्या सोनारांनी घडवलेली चांदीची पेटी, खाली 1698 मध्ये बसवलेलं इटालियन संगमरवराचं काम. दर दहा वर्षांनी शवदर्शनासाठी ती खाली उतरवतात आणि संताचे अवशेष से कॅथेड्रलमध्ये नेतात. मागचं दर्शन 5 जानेवारी 2025 ला संपलं. आम्ही गेलो तेव्हा पेटी आपल्या जागी होती. मान वर करून बघायचं.

मान वर करून उभा असताना मला त्या संताचं मरण आठवत होतं. 1542 च्या मे महिन्यात तो गोव्यात उतरला. दहा वर्षं फिरला, जपानपर्यंत गेला आणि शेवटी चीनला जायचं म्हणून किनाऱ्यासमोरच्या शांगछ्वान बेटावर जहाजाची वाट बघत थांबला. जहाज आलं नाही. 3 डिसेंबर 1552 ला तापानं गेला, वय 46. उशाशी अंतोनियो नावाचा एक चिनी ख्रिस्ती सेवक. चीनची भूमी समोर, आणि तिथं पाऊल पडलं नाही. त्याचं हजेरीबुक कुणी उघडलं असतं तर चीनच्या रकान्यात काही लिहिलेलं सापडलं नसतं. शेवटच्या दिवसांत तो येशूचं नाव घेत होता. हिशोब मागत नव्हता.

बाहेर मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीसाठी, नावं द्यायच्या टेबलापाशी गर्दी होती. मावशीनं माझ्या हातात कोरी चिठ्ठी दिली. "तू लिव."

आधी तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं, मग आईवडिलांचं, शेवटी धाकट्याचं. मी सावकाश लिहिलं. चारही नावांवरची रेघ लांब ओढली. तिनं चिठ्ठी हात लांब करून धरली, डोळे बारीक करून बघितली.

"व्हय," ती म्हणाली. "हेच."