माझा अनुभव: सोलच्या वळणाचं नवं इलेक्ट्रॉनिक संगीत शोधताना

नाशिकमध्ये बसून सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण गाणं) आणि जुन्या डिस्कोच्या वळणाचं नवं इलेक्ट्रॉनिक संगीत शोधायचं, तर पहिला घोळ टॅगचा होतो. ‘रेट्रो’ टाकलं की सिंथवेव्ह येतं, म्हणजे ऐंशीच्या दशकातले चकचकीत सिंथेसायझर. ठेका मात्र ताठ. ‘सोल’ टाकलं की गिटार घेऊन बसलेले गायक. बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकारांकडून थेट गाणी विकत घेण्याच्या साइटवर, टॅग कलाकार स्वतःच लावतात, त्यामुळे एकाच शब्दाखाली काहीही सापडतं. म्हणून मी टॅग सोडून ठेका आणि लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) धरून शोधतो.

ठेक्याचं आधी. एमपीसीसारख्या ठेका रचायच्या यंत्रावर स्विंग, म्हणजे ठेक्यातला झोल, 50 ते 75 टक्के ठेवता येतो. 50 म्हणजे अगदी सरळ, 66 च्या आसपास तिस्र जातीचा झोल. मला हवं ते बहुधा या दोहोंच्या मधे असतं: किक (ड्रमचा खर्जाचा ठोका) जागेवर, हाय-हॅट (झांजेचा ठोका) किंचित उशिरा. केट्रानाडाचा ‘99.9%’ (2016) हा अल्बम लावा, लगेच कळेल. पण फोनच्या स्पीकरवर नको. किकचा पाया साधारण 50-60 हर्ट्झला असतो आणि तो इवल्याशा स्पीकरमधून निघतच नाही. मग गाणं पोकळ वाटून आपण पुढे ढकलतो. मिरवणुकीत ढोलाशेजारी उभं राहिलेल्या नाशिककराला खर्ज म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. साधे वायरचे हेडफोन पुरतात.

आता शोध. आवडलेलं एक गाणं हूसॅम्पल्डवर टाकायचं; कोणत्या गाण्यात कोणत्या जुन्या गाण्याचा तुकडा वापरलाय ते ही साइट सांगते. उदाहरणार्थ स्टारडस्टचं 1998 चं ‘म्युझिक साउंड्स बेटर विथ यू’ चाका खानच्या 1981 च्या ‘फेट’वर उभं आहे. मूळ रेकॉर्ड डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या सूचीच्या साइटवर उघडून क्रेडिट वाचायची: निर्माता कोण, बेस कोणाचा, कीबोर्ड कोणाचा. त्या नावांवरून जुना माल मिळतो. नव्यासाठी लेबलचं पान उघडून वर्षाप्रमाणे उलटं लावायचं. लॉस एंजेलिसचं स्टोन्स थ्रो (डॅम-फंक हा कलाकार इथलाच), लंडनचं एग्लो, तिथलंच ऱ्हिदम सेक्शन, एवढ्यावर बरेच दिवस निघतात.

सगळ्यात भरवशाची पायरी बँडकॅम्पवर आहे. अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्यांची छोटी चित्रं दिसतात. आपल्याला आवडलेले दोन-तीन अल्बम ज्याच्या संग्रहात आहेत, त्याचा बाकीचा संग्रह चाळायचा. हजारभर अल्बमवाला मी सोडून देतो, तो सगळंच घेतो. शे-दीडशेवाला निवडून घेतो. स्ट्रीमिंग अ‍ॅपमधलं ‘रेडिओ’ बटण मात्र थोड्याच वेळात ऐकलेल्याच गाण्यांवर परत आणून सोडतं.

लंडनचा एनटीएस हा इंटरनेट रेडिओही कामाचा. तिथली रात्र म्हणजे आपली पहाट, तेव्हा थेट ऐकण्याच्या फंदात न पडता जुने कार्यक्रम ऐकावेत. बऱ्याच कार्यक्रमांखाली गाण्यांची यादी असते. गाणं ऐकून नाव सांगणारं शझाम अ‍ॅप इथे वारंवार फसतं, कारण डीजे वेग बदलतो आणि दोन गाणी एकमेकांवर चढलेली असतात. मिक्स सुटून एकच गाणं उरलं की मग फोन धरायचा.

आणि हो, जुनं म्हणजे अमेरिकाच असं नाही. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँड कंपनीच्या 303 (बेसचं यंत्र) आणि 808 (ड्रमचं यंत्र) वर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले होते. तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही. 2010 मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जगभर गाजली.

पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू येतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करायचे, मर्यादा कमी ठेवायची, खरेदी झाली की बंद. डाउनलोड फ्लॅकमध्येच घ्यावं, त्यात आवाजातलं काही गाळलं जात नाही. एमपी3 त्यातून कधीही करता येते, उलटं जमत नाही. डिजिटल विक्रीतला आपला वाटा, एरवी साधारण 15 टक्के, बँडकॅम्प कंपनी ‘बँडकॅम्प फ्रायडे’ला, म्हणजे वर्षातल्या काही ठरावीक शुक्रवारी, कलाकारांसाठी सोडते. तो दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने चालतो, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबारापासून (हिवाळ्यात दीडपासून) शनिवारी त्याच वेळेपर्यंत.