बारा ब्रॅकेट

वडिलांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ टाकले, तेव्हा पंपाचे शाफ्ट आणि बुश एवढंच काम असायचं. मी आलो, कर्ज काढून व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशिन, घेतलं, हळूहळू ॲल्युमिनियमची बारीक कामं येऊ लागली.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा मशिन बंद करून सगळे एका मोबाईलभोवती उभे होतो. २६ किलोची प्रज्ञान, चंद्रावर सेकंदाला एक सेंटिमीटर चालणारी रोव्हर बग्गी. तिच्यात आमचा एक स्क्रूसुद्धा नव्हता, तरी वडिलांच्या वेळचे टर्नर काका डोळे पुसत होते.

पुढे रोव्हर बनवणाऱ्या एका तरुण कंपनीची ऑर्डर आली: चाकांच्या मोटर धरून ठेवणारे १२ ब्रॅकेट, ६०६१ जातीचं ॲल्युमिनियम. मापांची मला भीती नव्हती. बाराही मापात बसले, आणि बाराही परत आले.

एका ब्लाइंड होलमध्ये, म्हणजे आरपार न जाणाऱ्या भोकात, आट्यांच्या तळाशी केसाएवढी बर, धातू कापताना कडेला राहणारी कुसळ, लटकत होती. रॉकेटच्या हादऱ्यांत ती सुटते. वजनरहित अवस्थेत ती खाली पडून राहत नाही, तरंगत फिरते. सर्किटच्या दोन पिनांवर आडवी बसली की शॉर्ट. शिवाय भोकांत कूलंटचा, धातू कापताना सोडतात त्या द्रवाचा, तेलकटपणा राहिला होता. निर्वातात असं तेल उडतं आणि गार पृष्ठभागावर, अगदी कॅमेऱ्याच्या भिंगावरही, थर धरतं. बोटाचा ठसाही त्यातलाच. चूक पूर्णपणे माझी होती. बर काढणं मी शेवटच्या अर्ध्या तासाचं काम समजत होतो.

मग पोटमाळ्यावर काच लावून एक खोली केली. मायक्रोस्कोप, अल्ट्रासॉनिक टाकी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, पावडर नसलेले हातमोजे. ठाण्याच्या पावसाळ्यात दमटपणा आवरणं हे वेगळंच दुखणं. पण या खोलीचा जीव म्हणजे आमच्या पॅकिंगच्या ताई. त्या ब्रॅकेट उजेडात सावकाश कलता करतात. बर असली की सुईच्या टोकासारखी क्षणभर चमकते. मी दोनदा बघून पास केलेला पीस त्यांनी परत माझ्यापुढे ठेवला.

"दादा, तिसऱ्या भोकात अजून आहे."

होती.

साफ झालेला पीस दोन पिशव्यांत बंद होतो. बाहेरची पिशवी गिऱ्हाइकाच्या क्लीनरूमबाहेर, म्हणजे धूळ येऊ न देणाऱ्या खोलीबाहेर, उघडायची, आतली आत गेल्यावर. मशिनिंगला दीड दिवस, सफाईला तीन. पहिल्या ऑर्डरीत सफाईचे पैसे लावलेच नव्हते, तोटा सोसला. आता कोटेशनमध्ये ती वेगळी ओळ असते आणि त्यावर मी घासाघीस करत नाही.

दुसरा लॉट पास झाला. ते ब्रॅकेट बसवलेल्या रोव्हरची कंपन चाचणी झाली, आता थर्मल व्हॅक्यूमची, म्हणजे निर्वातात तापवून-गार करून बघायच्या चाचणीची, पाळी आहे. उड्डाणाला अजून अवकाश आहे. दरम्यान २४ ब्रॅकेटची नवी ऑर्डर आलीय, आणि ताईंनी दुसरा मायक्रोस्कोप मागितलाय.