पाकिटावरची बारीक अक्षरे

उतरलेल्या हिरडीवर लावायच्या कोलेजनच्या (एका प्रथिनाच्या) ग्राफ्टचे, म्हणजे कलमाचे, पाकीट दंतवैद्यांनी आज माझ्यासमोर ठेवले, तेव्हा ते डुकराच्या ऊतींपासून बनवलेले आहे, हे मला त्यावरची बारीक अक्षरे वाचूनच समजले. विचारल्यावर ते म्हणाले, "हो, पण टाळूला जखम होत नाही."

माझ्या सुळ्याची हिरडी उतरून पिवळसर मूळ उघडे पडले आहे. ते झाकण्यासाठी टाळूच्या आतल्या थरातून काढलेली स्वतःचीच संयोजी (जोडणारी) ऊती आजही सर्वांत खात्रीची मानली जाते, कारण तिने मूळ अधिक भरवशाने झाकले जाते आणि हिरडीही जाड होते. मात्र टाळूवरची जखम काही दिवस ठणकते आणि तिथून मिळणारी ऊती मोजकीच असते. एकाच वेळी बरेच दात झाकायचे असतील, तर दान केलेल्या मानवी त्वचेतल्या पेशी काढून टाकून तयार केलेला थर किंवा हे कोलेजन सोयीचे ठरते. (दोन दातांमधले हाडच झिजले असेल, तर कोणत्याही ग्राफ्टने मूळ पूर्ण झाकले जाण्याची आशा कमीच.)

एका दातासाठी मी तरी टाळूच निवडेन. पण वेदना किती होईल हे आधी सांगायचे आणि साहित्य कुठून आले हे मात्र रुग्णाने पाकिटावर वाचायचे, हे मला पटत नाही. तुमच्यापैकी कोणाला ते आधी सांगितले गेले होते का?