ओसाकातली पुस्तकांची भिंत आणि मात्सुयामातला चढ

ओसाका-नांबाहून किन्तेत्सु कंपनीच्या नारा लाइनने निघायचं आणि याएनोसातोला उतरायचं. अंतर फार नाही, पण या स्टेशनावर फक्त लोकल थांबते. आधी आलेल्या रॅपिड एक्स्प्रेसमध्ये चढलात, तर त्सुरुहाशीनंतर ती एकदम इकोमालाच थांबते, म्हणजे बोगदा पार करून तुम्ही नारा प्रांतात पोचलेले असता. याएनोसातोहून ऐतिहासिक कादंबरीकार शिबा र्‍योतारो स्मृती संग्रहालय आठेक मिनिटांच्या चालीवर आहे. वस्ती साधी, दुमजली घरांची. फेब्रुवारीत आलात तर वाटेत घरांपुढे कुंड्यांमधून नानोहाना फुललेली दिसते. ही मोहरीच्या कुळातली पिवळी फुलं शिबांची आवडती. 12 फेब्रुवारी 1996 ला ते गेले, म्हणून त्यांचा स्मृतिदिनही या फुलाच्या नावाने पाळतात.

संग्रहालय त्यांच्या राहत्या घराला लागून आहे, आणि इथे घाईने इमारतीत शिरू नये. आधी बाग लागते. आखीवरेखीव जपानी बाग नव्हे. रानात वाढावीत तशी मिसळून वाढलेली झाडं. त्या झाडांतून जाताना काचेपलीकडे शिबांची लिहायची खोली दिसते. ती त्यांच्या अखेरच्या दिवसांत होती तशीच ठेवली आहे. मेजाशी आणि कपाटांत शेवटच्या, अपुऱ्या राहिलेल्या प्रवासलेखासाठी काढलेली पुस्तकं आहेत. 1971 पासून एका साप्ताहिकात चाललेली ही प्रवासमाला 43 खंडांची झाली. जपानभरचे जुने रस्ते, शिवाय कोरिया, मंगोलिया, आयर्लंड, सगळं तिच्यात आलं. खोली आतून बघता येत नाही. दुपारी काचेवर झाडांची प्रतिबिंबं पडतात आणि आतलं नीट दिसत नाही, म्हणून सकाळी दहाला दार उघडताच गेलेलं बरं. सोमवारी संग्रहालय बंद असतं. सोमवारी सुट्टी आली की वार बदलतो, वर्षअखेरीसही काही दिवस बंद असतं. तारीख आधी बघूनच निघावं.

इमारत वास्तुविशारद तादाओ आंदो यांची, 2001 मध्ये उघडलेली. बाहेरून ती लहान वाटते, कारण बराच भाग जमिनीखाली आहे. काचेच्या वळणदार मार्गिकेतून आत गेलं की 11 मीटर उंचीचं पुस्तकांचं कपाट समोर येतं: ओकच्या लाकडाचं, तळघरापासून छतापर्यंत, 20,000हून अधिक पुस्तकं. घरातला मूळ संग्रह साधारण 60,000 पुस्तकांचा. प्रकाश मुद्दाम कमी ठेवलाय. समोरच्या भिंतीत वेगवेगळ्या पोताच्या पांढऱ्या काचा बसवलेली एक मोठी खिडकी आहे, तिच्यातून येईल तेवढाच उजेड. मान वर करून बघताना मला या लेखकाची कामाची पद्धत समजल्यासारखी वाटली. स्थानिक इतिहास, वंशावळी, लष्करी नोंदी, जुने नकाशे आधी ढिगाने वाचायचे आणि मग पात्र उभं करायचं. 1904-05 च्या रशिया-जपान युद्धावरच्या ‘साका नो उए नो कुमो’ (‘चढावरचे ढग’) या कादंबरीची तयारी चालली होती तेव्हा तोक्योच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून त्या विषयाची पुस्तकंच नाहीशी झाली, असं सांगतात.

हस्तलिखितांपाशी मात्र निवांत थांबावं. पेनाने लिहिलेल्या ओळींवर रंगीत पेन्सिलींनी केलेल्या दुरुस्त्या आहेत. खोडलेलं वाक्य, बाजूला काढलेला फुगा, त्यात घातलेला नवा मजकूर, त्यावर पुन्हा दुसऱ्या रंगाची रेघ. एकेक पान नकाशासारखं दिसतं. आत फोटो काढायला मनाई आहे. त्यामुळे मोबाइल धरून भाषांतर वाचायचा बेतही फसतो. माहितीचे फलक मुख्यतः जपानीत आहेत, तेव्हा चरित्राची रूपरेषा आधी वाचून जावी.

ती थोडक्यात अशी. मूळ नाव फुकुदा तेइइची, जन्म ओसाकात, 1923. शिक्षण मंगोलियन भाषेचं, मग सैन्यात रणगाडा दलात भरती, मांचुरियात नेमणूक. युद्ध संपलं तेव्हा वय नुकतंच 22. हा देश इतका मूर्खपणा करण्यापर्यंत कसा पोचला, हा प्रश्न त्यांना तेव्हाच पडला. आपल्या कादंबऱ्या म्हणजे त्या 22 वर्षांच्या स्वतःला लिहिलेली पत्रं आहेत, असं ते पुढे म्हणत. पुढे सांकेइ वृत्तपत्रात पत्रकारी केली आणि निन्जांवरच्या कादंबरीला नाओकी पुरस्कार मिळाला. 1962 पासून चार वर्षं क्रमशः चाललेल्या कादंबरीतून त्यांनी शोगुनांची (लष्करी राज्यकर्त्यांची) सत्ता संपवायला झटलेला सामुराई साकामोतो र्‍योमा घराघरांत नेला. शिकोकू बेटावरच्या कोचीजवळच्या कात्सुराहामाचा र्‍योमाचा पुतळा 1928 चा, म्हणजे कादंबरीच्या कितीतरी आधीचा. पण आज लोकांच्या मनात जो र्‍योमा आहे, तो बराचसा शिबांचा आहे.

शिकोकू बेटावरचं मात्सुयामा या प्रवासात जोडावंच, रशिया-जपान युद्धावरच्या त्या कादंबरीचं संग्रहालय तिथे आहे. शिन-ओसाकाहून शिन्कान्सेनने ओकायामा आणि तिथून शिओकाझे एक्स्प्रेस. परतीला डबा नीट बघून बसा. काही गाड्यांना ताकामात्सुला जाणारे डबे जोडलेले असतात आणि ते वाटेत सुटे होतात. चुकीच्या डब्यात बसलात तर ओकायामाऐवजी ताकामात्सु गाठाल. शहरात ट्रामने ओकाइदो थांब्यावर उतरलं की 2007 मध्ये उघडलेलं हे संग्रहालय जवळच आहे. तेही आंदोंचंच, त्रिकोणी. आत मजले उतारांनी जोडले आहेत, त्यामुळे चढावरून चालत चालतच प्रदर्शन बघायचं. कादंबरीच्या नावातच टेकडीचा चढ आहे. 1968 ते 1972 या काळात वृत्तपत्रात आलेल्या तिच्या सगळ्या 1,296 हप्त्यांची कात्रणं एका भिंतीवर लावली आहेत. रोजचा मजकूर, रोजची मुदत, इतकी वर्षं! कादंबरीचे तीन नायक याच गावचे: आकियामा बंधू, एक घोडदळातला आणि एक आरमारातला, आणि कवी मासाओका शिकी.

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. ही कादंबरी इतिहास म्हणून वाचू नये. पोर्ट आर्थरच्या वेढ्यातला सेनापती नोगी शिबांनी जवळजवळ नालायक रंगवला आहे, आणि इतिहासकार ते चित्र सरसकट मान्य करत नाहीत. मेइजी काळ (1868-1912) उजळ आणि शोवाची सुरुवात (1926 नंतरची वर्षं) काळोखी, ही त्यांची मांडणीही वादात आहे. ऐतिहासिक कादंबरीवरून आपल्याकडे होणारे वाद ज्यांनी ऐकलेत, त्यांना हे नवं वाटणार नाही. खुद्द शिबांना धोका दिसत होता. युद्धाचा गौरव वाटेल या भीतीने त्यांनी हयातभर या कादंबरीच्या चित्रीकरणाला परवानगी दिली नाही. एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीची मालिका आली ती 2009 ते 2011 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

जपानी येत नसेल तर आधी शेवटच्या शोगुनवरची, तोकुगावा योशिनोबूची छोटी कादंबरी इंग्रजीत वाचा. रशिया-जपान युद्धाची कादंबरी इंग्रजीत चार जाड खंडांत आहे, ती त्यानंतर. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांनी थेट मूळ कादंबरी हाती घेण्याऐवजी प्रवासमालेतला एखादा लेख घ्यावा. त्यात युद्धाचे डावपेच आणि हुद्दे कमी येतात, आणि नकाशा शेजारी ठेवला की बरंचसं उलगडतं.