त्यानं मान फिरवली तेव्हा

आषाढात, गरोदरपणाच्या २९व्या आठवड्यात मला मुलगा झाला. वजन १,१४० ग्रॅम. बीपी चढलं म्हणून गोव्यातल्या वाळपईहून रात्रीच ॲम्ब्युलन्सनं मोठ्या इस्पितळात हलवलं, पहाटे सिझर झालं. तीन दिवस माझ्याकडे फक्त नवऱ्याच्या मोबाइलमधला त्याचा फोटो होता.

चौथ्या दिवशी व्हीलचेअरवरून त्याच्या वॉर्डात गेले. पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये तो, नाकात नळी, पायाला तार. मी हात पुढे केला तशी ड्युटीवरची सिस्टर म्हणाली, "हात लावू नका." त्या घडीला कारण असेलही. पण नंतर 'आता लाव' असं कुणी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. नऊ दिवस पदर मुठीत धरून पेटीशी उभी राहायचे. हे मूल माझं नाही, इथल्या लोकांचं आहे, मी फक्त बघायला येते, असं मनात घट्ट बसलं.

माझं म्हणून एकच काम होतं, दूध काढायचं. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. सुरुवातीला वाटीचा तळ जेमतेम भिजायचा. ते नळीतून त्याच्या पोटात जायचं. सहाव्या रात्री घरी सासूबाईंनी पाट मांडून सटी पुजली. बाळ नाही, बाळंतीण नाही, तरी पुजली. फोनवर ते ऐकून मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

तेराव्या दिवशी एका वयस्कर सिस्टरनं त्याला पेटीतून काढून सरळ माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून कापड बांधलं. कांगारू पद्धत. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या शेवटी इन्क्युबेटर अपुरे पडत होते, तिथून ती आली. २०२२पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की शक्य तिथे जन्मापासूनच सुरू करा, दिवसाला ८ ते २४ तास. मला ते तेराव्या दिवशी मिळालं, ही खंत अजून जात नाही. तासाभरात त्याचा श्वास संथ झाला. माझाही.

पण खरी गाठ पुढेच होती. महिन्याभरात तो डोळे उघडून बघू लागला. मी तोंड जवळ नेऊन बोलायचे, गाल चोळायचे, चुटक्या वाजवायचे, सगळं एकदम. तो मान फिरवायचा. उचकी लागायची, बोटं ताठ पसरायची. मी आणखी जोरात हाक मारायचे. मग थकून गप्प बसायचे. वाटायचं, याला मी नकोच आहे.

सिस्टरनं एकदा माझा हात धरला. "बाय, तो तुला नको म्हणत नाय. दमलाय तो. जरा थांब."

उजेड, आवाज, स्पर्श, चेहरा एवढं सगळं एकाच वेळी पेलायला त्याचा मेंदू अजून तयार नव्हता. मान फिरवणं ही त्याची विश्रांती होती. तिनं एक हात डोक्यावर, दुसऱ्यानं पाय पोटाशी दुमडून धरायला शिकवलं. बोलायचं नाही, हलवायचं नाही. मिनिटभरानं त्यानं आपणहून मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

तेव्हा माझी झोप उडाली होती, भूक मेली होती. डॉक्टरांनी ते नैराश्य म्हणून ओळखलं, समुपदेशनाला पाठवलं. इतक्या लहान बाळांच्या आयांमध्ये हे जास्त आढळतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर स्वतःला इतके दोष दिले नसते. नवरा संध्याकाळी दोन तास त्याला आपल्या छातीवर घ्यायला लागला, मी झोपायचे. झोप झालेल्या दिवशी माझे हात हलके असायचे, त्याची खूण मला लवकर कळायची. आईची माया कमी-जास्त होत नाही, तिच्या अंगातलं बळ कमी-जास्त होतं. माझ्या मते बाळाच्या वजनाइतकीच आईच्या झोपेची नोंद वॉर्डात व्हायला हवी.

गरोदरपणापासून मोजून ३४ आठवडे भरल्यावर तो अंगावर प्यायला शिकला. दोन घोट, मग थांबा. तेही त्याच्या तालानं.

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी १,९०० ग्रॅमचा होऊन घरी आला. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधायला आलेली भावकी त्याच्याभोवती जमली, कुणी टाळ्या वाजवल्या. त्यानं मान फिरवली. मी काही बोलायच्या आत सासूबाई उठल्या आणि सगळ्यांना ओसरीवर घेऊन गेल्या. "दमलाय तो," म्हणाल्या, "मग बघा."