बडोद्यात घरी बनवलेलं दगड कापायचं मशीन: माझा अनुभव

"काले आवजो, बेन." तीन आठवडे मी हे वाक्य ऐकलं. शाळा सुटली की स्कूटर काढायची, समाहून मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत) म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं, आणि तिथे लेथवाल्याने (लेथ म्हणजे लोखंड फिरवून कातायचं यंत्र) मान वर न करता उद्या या म्हणायचं. काम किती, तर एक शाफ्ट (ब्लेड फिरवणारा दांडा) आणि दोन फ्लँज (ब्लेडला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या चकत्या). बाकीचं मशीन मी आणि भाऊजींनी (माझे दीर) दोन रविवारात उभं केलं होतं. अडलं ते त्या हातभर लोखंडात, आणि तो राग अजून गेलेला नाही. म्हणून लिहायला बसले.

आधी मशीन कशाला हवं होतं ते सांगते. नाना, माझे वडील, नोकरीपायी झगडिया-राजपिपळ्याकडे पुष्कळ फिरले. तिकडे रतनपूरला अकीकाच्या जुन्या खाणी आहेत; खंभातचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तोच दगड घासत आले. नाना शेताच्या बांधावरून, ओढ्यातून असे दगड उचलून आणायचे. दोन पोती भरली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं, आणि चिखल उपसताना ती पोती फाटून दगड अंगणात पसरले. नळाखाली एक धुतला, मागून मोबाइलचा टॉर्च धरला, तर बाहेरून बटाट्यासारखा दिसणारा तो दगड आतून मधासारखा पेटला. त्या दिवशी ठरवलं की हे उघडायचे, आणि घरीच उघडायचे. खंभातला जाऊन आले होते. तिथे कापून मिळतात, पण दगड ठेवून जा म्हणतात. नानांचे दगड मला कुठे ठेवून यायचे नव्हते.

अकीक म्हणजे लाव्हाच्या बुडबुड्यांच्या पोकळीत थरावर थर बसत गेलेली सिलिका. कडकपणा मोह्‌सच्या मापाने (हिरा दहा) साडेसहा ते सात, म्हणजे साधी पोलादी कानस त्यावरून घसरते. त्यामुळे हिऱ्याची कणी बसवलेलं ब्लेडच लागतं, आणि तेही सलग कडेचं. खाचा असलेलं सेगमेंटचं ब्लेड काँक्रीटला ठीक, अकिकाच्या कडा ते उडवतं. मी १० इंची, १.८ मिलिमीटर जाडीचं घेतलं. लोखंड कापायची काळी चकती पाण्यात चालवून बघायचा विचारसुद्धा करू नका, ती भिजून फुटते.

मोटर जुनी घेतली, अर्धा एचपी, सिंगल फेज, १४४० आरपीएमची. घरघंटीची मोटर स्वस्तात मिळत होती, पण त्या बऱ्याचदा २८०० च्या असतात. नेमप्लेट वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मोटरवर ३ इंची पुली, शाफ्टवर साडेचार इंची, म्हणजे ब्लेड मिनिटाला ९६० फेरे घेतं आणि कडेचा वेग सेकंदाला साडेबारा मीटरच्या आसपास येतो. अकिकाला एवढा वेग पुरतो. जास्त वेगाने काम लवकर होत नाही, ब्लेडची कणी मात्र घासून गुळगुळीत होते.

आता शाफ्ट.

बाजारात सहज मिळणारं बेअरिंग २५ मिलिमीटरचं, म्हणून शाफ्ट २५ चा सांगितला. ब्लेडचं भोक २५.४ चं. हा फरक मी पहिल्याच दिवशी लेथवाल्याला कागदावर आकृती काढून दाखवला होता: बेअरिंगला २५, ब्लेडच्या जागी २५.४. त्याने कागद घडी करून खिशात टाकला आणि सगळे १,८०० रुपये आगाऊ घेतले. ती माझी चूक, अर्धेच द्यायचे असतात. तीन आठवड्यांनी जो शाफ्ट हातात आला तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ २५ चा ब्राइट बार (बाजारात तयार मिळणारी गुळगुळीत सळई), फक्त शेवटी आटे पाडलेले. फ्लँज वेगळा, ग्रब स्क्रूने (बाजूने दाबणाऱ्या बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने) आवळायचा. मी म्हटलं, ब्लेड सैल बसेल. तो म्हणाला, "चालशे."

नाही चालत. ०.४ मिलिमीटर ढिलाई म्हणजे ब्लेड केंद्रापासून ०.२ ने सरकून बसतं. सेकंदाला सोळा फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात ब्लेडची एकच बाजू दगडावर ठोका मारते. पण त्याहून वाईट गोष्ट पुढे निघाली. कोटा फरशीचा तुकडा कापून बघितला तर ब्लेड १.८ चं आणि चीर तीन मिलिमीटरहून जास्त रुंद! चालू ब्लेडची कड एका रेषेत दिसतच नव्हती, जाड पट्ट्यासारखी दिसत होती. परत मकरपुरा. तिथे उत्तर तयार होतं: ब्लेड खराब छे. ब्लेडच्या दुकानात गेले. दुकानदाराने ते काचेवर ठेवून दाखवलं, ब्लेड आणि काच यांत कुठेही उजेड दिसत नव्हता. पुन्हा लेथ. "काले आवजो."

शेवटी मी घरी शाळेतला खडू घेऊन बसले. शाफ्ट हाताने फिरवायचा आणि ब्लेड जिथे सर्वात बाहेर येतं तिथे ब्लेडवर आणि फ्लँजवर खूण करायची. मग नट सैल करून ब्लेड पाव फेरा फिरवून पुन्हा आवळायचं आणि पुन्हा बघायचं. खोट ब्लेडमध्ये असती तर ब्लेडवरची खूण पुन्हा बाहेर आली असती. चार वेळा केलं. चारही वेळा फ्लँजवरचीच खूण बाहेर आली. म्हणजे ब्लेड सरळ होतं, फ्लँज वाकडा होता. ज्याचं मशीन डुगडुगतंय त्याने आधी हे करून बघावं. खडूशिवाय काही लागत नाही.

भाऊजी कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरीला होते, त्यांनी डायल गेज (मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं काट्याचं माप) आणला. शाफ्टवर काटा टेकवला, जेमतेम ०.०३ हलला. शाफ्ट चांगला होता. फ्लँजच्या तोंडावर टेकवला आणि हळूहळू फिरवलं, तर काटा शून्यावरून निघून ०.३५ पर्यंत गेला आणि परत आला. आकडा छोटा वाटतो. पण फ्लँज ७० मिलिमीटरचा आणि ब्लेड २५० चं, म्हणजे कडेला तीच चूक साडेतीन पट होते, सव्वा मिलिमीटर. १.८ आणि सव्वा मिळून तीन. फरशीवरच्या चिरेचा हिशेब तंतोतंत जुळला. त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की मी आईला डायल दाखवायला वरच्या मजल्यावर हाक मारली.

चूक कशी झाली तेही भाऊजींनी सांगितलं. फ्लँजचं भोक एका वेळी पाडलं, मग चकमधून (लेथच्या पकडीतून) काढून, उलटा धरून तोंड मारलं, म्हणजे ब्लेड टेकतं ती बाजू सपाट केली. दुसऱ्यांदा धरताना तो जरासा तिरका बसला. वर ग्रब स्क्रू एकाच बाजूने दाबतो, तो आणखी कलंडतो. भोक आणि तोंड एकाच सेटिंगमध्ये व्हायला हवं, एवढंच. हे न कळणारा लेथवाला नसतो. करायचा कंटाळा असतो.

मग शहरातल्या वाडी भागातल्या एका गल्लीतले मिस्त्रीकाका कुणीतरी सुचवले. त्यांच्याकडे जुना पट्ट्याचा लेथ आहे. त्यांनी माझी आकृती पूर्ण वाचली, दोन प्रश्न विचारले आणि जुना शाफ्ट बाजूला ठेवून दिला. ३० चा बार घेतला, त्यावर फ्लँज तापवून कायमचा बसवला, गार होऊ दिला, आणि सगळं दोन सेंटरमध्ये (दोन्ही टोकांना टोकदार टेकू देऊन) धरून उतरवलं: बेअरिंगची जागा २५, ब्लेडची बैठक २५.४, आणि त्याच बैठकीला लागून फ्लँजचं तोंड. ग्रब स्क्रू नाहीच. बाहेरचा फ्लँज मधोमध किंचित खोलगट केला, म्हणजे तो फक्त कडेने पकडतो. ब्लेड बोटांनी दाबलं की बैठकीवर सरकतं, सोडलं की हलत नाही. एका दुपारचं काम! डायल त्यांनी स्वतःहून लावून दाखवला, तोंडावर ०.०२. तुम्ही कुणाकडूनही करून घ्या, पण डायल बघितल्याशिवाय दुकानातून पाय काढू नका.

बाकीचं सोपं आहे. दगड ब्लेडकडे नेणाऱ्या सरकत्या गाडीला मी आधी ड्रॉवरचे चॅनेल लावले होते. ते बाजूला हलतात आणि गंजतात. दोन सरळ दांड्या आणि बेअरिंग लावा. दगड लाकडी जबड्यात घट्ट हवा. वेडावाकडा असेल तर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बसवून धरा. गाडी हाताने ढकलायची नाही, दोरी आणि वजन लावायचं. माझ्याकडे वाळूची बाटली आहे, दगडाप्रमाणे वाळू कमी-जास्त करते.

ब्लेडची कड टाकीतल्या पाण्यात सात-आठ मिलिमीटर बुडलेली हवी, तेवढ्याने पाणी दगडापर्यंत चढतं. वीस भाग पाण्यात एक भाग सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळणारं मशीनचं तेल) घातलं तर गंज कमी. पाणी आणि वीज जवळजवळ असल्यामुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) लावल्याशिवाय मी बटण दाबलं नाही. मोटर टाकीच्या वर नको, बाजूला आणि पत्र्याआड.

आणि कोरडं कधीही कापू नका. खंभातच्या अकीक कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, ती हीच धूळ. दगडाची पूड फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. टाकीतला गाळ वाळला की पुन्हा धूळच होतो, म्हणून मी ओला असतानाच पिशवीत भरून बांधते, आणि फरशी झाडत नाही, पुसते. मास्क तरीही घालतेच.

पहिला दगड तोच टॉर्चवाला निवडला. सोळा मिनिटं लागली. शेवटचा अर्धा सेंटिमीटर उरला तेव्हा वजन हलकं केलं, नाहीतर तुकडा तुटून कडेला टवका निघतो. दोन अर्धुकं पाण्यात हलवून काढली. बाहेर तपकिरी साल, मग करड्या रेघा, केसाएवढ्या बारीक, एकमेकींना न शिवता वळलेल्या, आणि मधोमध साखरेसारखी स्फटिकांची छोटी खोबण. आईने ओल्या अर्धुकावरून अंगठा फिरवला. "हा राजपारडीच्या बाजूचा," म्हणाली, "त्या दिवशी त्यांची चप्पल तुटली होती." पोत्यांवर कुठलीच चिठ्ठी नव्हती. आता प्रत्येक दगड कापला की आधी तिला दाखवते आणि ती सांगेल ते वहीत लिहिते. अकरा झाले.

राहिलेल्या दोन गोष्टी. गोल दगडाच्या उतारावर ब्लेड पहिल्यांदा टेकतं तेव्हा ते घसरून वाकतं, आणि एकदा वाटीसारखं झालं की संपलं. ग्राइंडरने, दगड ओला करून, टेकायच्या जागी नखाएवढं सपाट करून घ्या. कापण्याचा वेग मंदावला तर ब्लेड टाकून देऊ नका; घासायच्या जुन्या चाकाचा तुकडा दोन-तीनदा कापा, कणी पुन्हा उघडी पडते.

आणि आटे. नटाच्या बाजूने बघितल्यावर ब्लेड घड्याळाच्या काट्यासारखं फिरत असेल तर आटे उलटे हवेत, नाहीतर नट चालता चालता सुटतो. माझ्या आकृतीत हे राहून गेलं होतं. मिस्त्रीकाकांच्या दोन प्रश्नांतला एक हाच होता.